बाबांची तहान

नागपूरच्या उन्हाळ्यात घरी कोणीही आलं की आधी पाण्याचा गडवा पुढे करायचा, बाकी बोलणं नंतर. पाजणं हीच आमची माया. त्यामुळे बाबांच्या किडन्या निकामी झाल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या डोक्यात जायचा. सगळ्यांचा एकच सल्ला, "भरपूर पाणी पाजा, किडनी साफ होते."

सक्करदऱ्याहून आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पन्ह्याची मोठी बाटली घेऊन आली. बाबांकडे पाहून ती माझ्यावरच भडकली. "ओठ पाह्य त्याचे! काहून तहानलेला ठेवून राहिला त्याले?"

मग मीही तडकलो. म्हटलं, धडधाकट किडनी रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. अंगात किती पाणी ठेवायचं, किती सोडायचं, तेही तीच ठरवते. बाबांचं ते काम आता डायलिसिसचं मशीन करतं, तेही रोज नाही. मधल्या दिवसांत जास्तीचं प्यायलेलं पाणी पायांत साचतं, मग फुप्फुसांत. ही बाटली पाजली तर रात्री श्वास कोण घेणार त्यांच्यासाठी?

पन्हं पिशवीत परत गेलं.

पुढच्या वेळी ती भर दुपारी आली, उन्हानं लाल झालेली. मी गडवा पुढे केला नाही आणि तिनं मागितला नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन, आमच्याकडे पाठ करून, भांड्याचा आवाज होऊ न देता ती पाणी प्यायली.

बाहेरच्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "ताई, इथं बसून पी वं. मले पाहू दे."