भोईर मॅडम आणि पडद्यावरचे ठिपके

भोईर मॅडम वर्गाला टाळ्या वाजवायला लावत. प्रत्येकानं आपापल्या वेगानं. नुसता गोंगाट व्हायचा. मग त्या म्हणत, "आता शेजारच्याची टाळी ऐका." थोड्या वेळात सगळा वर्ग एका ठेक्यात वाजू लागे. पोरं खूश होत. मॅडमचा चेहरा मात्र उतरलेला असे. "मेंदूत असं झालं की माणूस खाली पडतो," एवढं सांगून त्या फळ्याकडे वळत.

कर्जतच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. त्यांचं गाव कोंडाणे. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला, नितीनला घेऊन त्या भिसेगावात दोन खोल्यांत राहत होत्या. नितीनला फिट्स यायच्या. खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी त्यापायीच गेली. एका लग्नात तो मांडवात पडला, तेव्हापासून नातेवाइकांची बोलावणी थांबली. मॅडमनीही मग कुणाकडे जाणं सोडलं.

एकदा मी त्यांच्याकडे गेले, तर कॉम्प्युटरवर शेकडो ठिपके लुकलुकत होते. "एकेक ठिपका म्हणजे मेंदूचा एक लहानसा भाग," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाचा ठेका वेगळा. त्यांना जोडणारे धागे मी घट्ट करत जाते." त्यांनी आकडा वाढवला. हळूहळू सगळे ठिपके एकदम पेटू-विझू लागले. "हा झटका. कुठले धागे सैल केले तर तो थांबेल, ते शोधतेय."

नितीन मागे उभा होता. "ताई, यात मी कुठं हाय गं?"

"तू नाय रं यात. नुसतं गणित हाय."

"मंग मला कवा घेशील?"

मॅडम चहा टाकायला उठल्या. चहा झाला. कप हातात घेताच नितीन कोसळला. मी चमचा आणायला धावले. "तोंडात काही घालायचं नाही. बसा तुम्ही." त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. शुद्धीवर येत त्यानं विचारलं, "गेलो व्हतो का?"

"आलास ना? पुरं."

पुढच्या वर्षी एका सकाळी नितीन उठलाच नाही. झोपेतच झटका आला असावा, डॉक्टर म्हणाले. मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या.

तेराव्यानंतर त्या कामावर आल्या. पुन्हा तेच ठिपके. काही महिन्यांनी म्हणाल्या, "मोजकेच धागे सैल केले, तरी झटका पसरत नाही." मी अभिनंदन केलं.

"पडद्यावर पसरत नाही," त्या म्हणाल्या. "माणसाचं अजून कळायचंय. आणि मला ज्याचं कळायला हवं होतं, तो गेला."

मग दूरच्या शहरात त्यांना संशोधनाचं काम मिळालं. मी स्टँडवर सोडायला गेले होते. "तिकडे ओळखीचं कुणी आहे?" मी विचारलं.

"नाही. इथे तरी कोण होतं?"

बोलून गेल्या, आणि मग मी समोर उभी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी माझा हात धरला. गाडी लागेपर्यंत सोडला नाही.