अप्पांच्या डोळ्यांसाठी जाड अक्षरं

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवरून आमच्या घराकडे चालत आलात तर माझी अक्षरं तुम्हाला निदान सात ठिकाणी भेटतील. मेडिकलची पाटी, इडलीच्या पिठाची पिशवी, दाताच्या दवाखान्याचा फलक, एका ट्यूशन सेंटरचं शटर. जाड, गोल टोकांची तमिळ अक्षरं. फाँट बनवणं हा माझा धंदा आहे आणि तो मला उत्तम जमतो. उगाच नम्रपणाचा आव आणत नाही. बारीक, टोकदार अक्षरं मला हात आखडून वाढणाऱ्या माणसांसारखी वाटतात. पाटी चालत्या बसमधून वाचता आली पाहिजे. तमिळ तर मुळातच वळणांची लिपी. ती जाड करताना एकच जपावं लागलं: अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजू द्यायची नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, जवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. आम्ही पिढ्यानपिढ्या तंजावूरचेच मराठी. घरात तमिळ मिसळलेली, जुन्या वळणाची का होईना, सगळे मराठी बोलतात; पण देवनागरी सरळ वाचणारे ते एकटेच. गौरीच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने कहाणी वाचायची, आणि तोंडपाठ असली तरी घरातल्या जुन्या हस्तलिखित वहीत बघूनच वाचायची, ही आमची रीत. एका वर्षी गौरींना तीन-चार महिने असताना अप्पांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. आहे तेवढी नजर सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. अप्पांनी वही कपाटात ठेवली आणि यंदा गुरुजी तमिळमध्ये सांगतील म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मला संताप आला. एकदा तमिळमध्ये झाली की आमच्या घरात मराठी कहाणी पुन्हा कोणी वाचणार नव्हतं. भाऊ वाचणार नव्हता, त्याच्या मुली तर नाहीच.

मी माझ्या फाँटला देवनागरी जोडायला घेतली. ही लिपी मी शाळेतल्या तक्त्यासारख्या एका तक्त्यावरून, एकेक अक्षर करत शिकले होते; वाचायला बसले की अडखळायची. पण काढायला काय लागतं, असा माझा तोरा होता. तमिळला लावला तोच नियम लावला, प्रत्येक रेघ जाड आणि प्रत्येक टोक गोल. दीड महिन्याने वहीतलं पहिलं पान मोठ्या कागदावर छापून आणलं आणि अप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, मान तिरकी केली.

"अक्षर दिसतें, मा," ते म्हणाले; लेकीला तमिळमध्ये लाडाने असंच म्हणतात. "शब्द दिसत नाही."

मी चिडले. पलीकडच्या भिंतीवरून दिसेल इतकं जाड आहे, आणखी काय करू, असं विचारलं. त्यांनी वाद घातला नाही. माझं बोट धरून शिरोरेघेवरून फिरवलं. प्रत्येक अक्षरापाशी रेघ संपत होती. दोन गोल टोकं शेजारीशेजारी आणि मध्ये खाच. तमिळमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या जागी सुटं बसतं, म्हणून मी देवनागरीलाही सुटं बसवलं होतं. वरची रेघ धरूनच नजर शब्दाच्या शेवटापर्यंत जाते, ती तुटली की मी भलत्याच ओळीत जातो, असं अप्पांनी समजावलं. पुण्यातल्या पहिलीच्या पोरानेही ही चूक केली नसती. मला भयंकर लाज वाटली आणि मी अर्धा तास स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटली.

मग कामाला लागले. शब्दाच्या आत शिरोरेघेची टोकं सरळ कापली, एकमेकांवर किंचित चढवली. गोलाई फक्त शब्दाच्या दोन्ही कडांना ठेवली. आतल्या रेघा थोड्या बारीक केल्या, तेव्हा पोटं मोकळी झाली. हे अक्षर चांगलं झालं होतं. अप्पांना विचारायच्या आधीच मला ते माहीत होतं.

गौरीच्या दिवशी अप्पा नव्या अक्षरांत छापलेल्या अख्ख्या कहाणीचे कागद घेऊन बसले. पहिल्या ओळी सावकाश वाचल्या, मग आवाज नेहमीच्या चालीवर आला. भाऊ मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दीड पान झाल्यावर अप्पा थांबले, डोळे चोळले. भाऊ म्हणाला, पाठच आहे की, डोळे मिटून सांगा. अप्पांनी मान हलवली आणि कागद माझ्याकडे केला.

"पुढें तूं वाच."

मला हळू येतं, सगळे कंटाळतील, असं मी म्हटलं.

"मीं आहें ना ऐकायला," ते म्हणाले.

मी कागद घेतला. पहिल्या ओळीत दोनदा अडले. तिसऱ्या ओळीत वरची रेघ धरून एक अख्खा शब्द एका दमात बाहेर पडला, मग दुसरा. कितीतरी वेळाने माझ्या ध्यानात आलं की मघापासून मी अक्षरांकडे पाहिलंच नव्हतं. कहाणीतल्या राणीचं पुढे काय झालं तेवढंच बघत होते.