सासूबाईंचं हॅड टू

सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजी बोलता आलं पाहिजे, असं कंपनीत सांगितलं आणि मी दौंडला रविवारचा क्लास लावला. रविवार म्हणजे आमच्या वरवंडच्या घरी हमखास पाहुणे. सासूबाई म्हणाल्या, महिनाभर जा, मग बघू.

शिरूरहून येणारे सर 'हॅव टू', म्हणजे 'करावं लागतं', शिकवत होते. कालचं, आजचं, उद्याचं, रोज तीन वाक्यं लिहायची आणि खरीच लिहायची, ही त्यांची अट. मला तर घबाडच मिळालं. आमच्याकडे सून 'करावं लागतं' म्हणत नाही, 'करते की' म्हणते. इंग्रजीत कोण अडवतंय? मी वही भरत सुटले.

महिना संपायच्या शनिवारी मी ड्युटीवरून आले, तर कॉलेजातली नणंद माझी वही सासूबाईंना अर्थासकट वाचून दाखवत होती.

"यस्टर्डे आय हॅड टू मेक फॉर्टी भाकरीज. काल वहिनीला चाळीस भाकरी कराव्या लागल्या. टुडे आय हॅव टू लाफ अ‍ॅट मामाज जोक्स. आज मामांच्या जोकला हसावं लागतंय."

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे, लाडके भाऊ. क्लास गेला आणि सुपरवायझरकीही गेली, असं मी धरूनच चालले. नणंदेला मात्र भलताच उत्साह. तिनं शेवटच्या पानावरचंही वाचलं, की उद्या मला सासूबाईंकडं अजून एक महिना मागावा लागेल.

सासूबाईंनी वही तिच्या हातून घेतली. मग मला म्हणाल्या, "बस हितं. माझं बी लिही."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. चौथीतून शाळा सोडावी लागली. धाकट्या भावाला सांभाळावं लागलं. लग्नाला हो म्हणावं लागलं. "आन् मामाच्या जोकला तू आत्ता हसाय लागलीस. मी पन्नास वर्सं हसतीया."

पान भरलं. सगळं हॅड टू. मला माझ्या चाळीस भाकरींची लाज वाटली.

नणंदेनं विचारलं, "आई, तुझं उद्याचं काय लिहायचं?"

"उद्या मामा येणार. भाकरी मलाच थापाव्या लागतील," सासूबाई म्हणाल्या. "हिला क्लासला जायाचं हाय."