कारण अज्ञात

“जोडी जमते, एवढं लिहा. का जमते, ते लिहू नका.” माझ्या टेबलाभोवती येरझारा घालत प्रोफेसरसाहेब हेच पुन्हा पुन्हा सांगत. आमच्या कचेरीच्या आवारात इतका अस्वस्थ मनुष्य आपणही क्वचितच पाहिला असेल.

राज्याचे विभाजन झाले आणि सरकारी नोकरांच्या वाटणीत त्यांचे नाव नव्या राज्याच्या यादीत गेले. ग्वाल्हेर सुटू नये, म्हणून ते माझ्याकडे अर्ज लिहवून घेण्यास आले. मी साधा अर्जनवीस; माझे शिक्षण बेताचे असले, तरी माझ्या मसुद्यांनी भल्याभल्या बदल्या फिरवल्या आहेत. मी रूढ कारण सुचवले: वृद्ध माता आजारी.

“आई कंपू मोहल्ल्यातून दाल बाजारात पायी जाते, भाऊसाहेब. झोला पण स्वतःच उचलते.”

उरले त्यांचे संशोधन. मला समजले ते असे: विजेचे कण एकमेकांस दूर लोटतात, परंतु काही पदार्थांत, कडाक्याच्या थंडीत, ते जोडीने चालतात आणि वीज कोठेही न अडता वाहते. जुन्या धातूंतील जोडीचे कारण उलगडले आहे. प्रोफेसरसाहेबांच्या पदार्थाची काळी, खापरीसारखी टिकली मात्र त्याहून पुष्कळ कमी थंडीतच हे करी, आणि ते का, यावर जगात एकमत नव्हते.

ती थंडी ते गुरांच्या दवाखान्यातून आणत. वळूंचे वीर्य गोठवून ठेवण्याचा द्रव नायट्रोजन, थर्मासमध्ये, स्कूटरवर. तेथील कंपाउंडर, गाय गाभण राहिली का म्हणून, दर वेळी आस्थेने विचारी, “साब, गाय ठहरी कि नहीं?” प्रोफेसरसाहेब गंभीरपणे म्हणत, “अभी नहीं.”

परंतु ज्याचे कारणच अज्ञात, त्या कामासाठी कोणता अधिकारी बदली थांबवील? मी अर्जात ‘कारण सिद्ध होने को है’ असे घातले. त्यांनी उभ्याउभ्या वाचले, माझेच पेन घेतले आणि पक्क्या प्रतीवर ते खोडून ‘अज्ञात है’ लिहिले.

“खोडलेला अर्ज वर चालत नाही, साहेब.”

“आणि खोटा चालतो?”

अर्ज तसाच गेला. उत्तर आले: कारण अज्ञात असल्याने शोध कोठेही घेता येईल.

जाण्यापूर्वी त्यांनी आणखी एक अर्ज लिहवून घेतला: नव्या गावच्या गुरांच्या दवाखान्याने आठवड्यास एक थर्मास नायट्रोजन द्यावा. या वेळी जोडीचे कारण ‘अज्ञात’ असे मी आपणहून लिहिले आणि, सर्व शिरस्ता मोडून, त्याखाली रेघ ओढली. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच सही केली.

त्यानंतर कितीतरी अशील आले. मी बोट ठेवतो, तेथे ते सही करतात आणि निघून जातात.