बंदुकीचा बस्ता

आमच्या घराण्यात बंदूक एकच, आणि तिला लागलेले हात सगळे पुरुषांचे. सोलापुरात मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, शेकड्यांनी कान पिळले, पण त्या दोननळीचा चाप एकदाही ओढला नाही. आठ वर्षांची असल्यापासून तो ओढायची मला इच्छा होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि मागायला जायचा माझा स्वभाव नाही.

लहानपणी मोडनिंबच्या शेतात रानडुकरं शिरली की आबा, म्हणजे माझे वडील, बंदूक काढायचे आणि माझ्या धाकट्या भावाला हाक मारायचे. त्याच्या खांद्याला दस्ता टेकवायचे, मागून दोन्ही हातांनी सावरायचे, आणि म्हणायचे, "वड!" बार व्हायचा, डुकरं पळायची, आणि रिकामी काडतुसं वेचून आणायचं काम मला. मी ती वेचायचे, हुंगायचे आणि भातुकलीत त्यांचे पेले करायचे. माझ्या बाहुल्यांनी जळक्या वासाचा जितका चहा प्यायला तितका जगात कुणी प्यायला नसेल.

मी निवृत्त झाले आणि आठवड्यातले निम्मे दिवस शेतावर आबांजवळ राहायला लागले, तेव्हा डुकरांची पुढची पिढी जोरात होती. मका कणसात आला की टोळी यायची. खाण्याचं एक वेळ चालेल, पण लोळून नासाडी करायची, ठिबकच्या नळ्या चावायच्या, हे मला सहन होत नव्हतं. भावानं शहरातून एक भोंगा आणून लावला. त्यातून कुत्र्यांचं भुंकणं वाजायचं. डुकरं सुरुवातीला बिचकली, मग सरावली, आणि शेवटी त्यांनी भोंग्याची वायरच खाल्ली.

दोननळी तर केव्हाच म्हातारी झाली होती. दुरुस्तीवाल्यानं नळ्यांत डोकावून सांगितलं, "हिच्यातनं बार काढलात तर डुक्कर वाचंल, तुमी न्हाई." तेव्हा नवी बंदूक घ्यायची ठरली. शिवाय आबांचंही वय झालेलं. अशा वेळी परवाना वारसाच्या नावावर करता येतो, आणि कुठल्या वारसाच्या ते मूळ परवानेदारानं सांगायचं असतं. एका रविवारी भाऊ, भावजय आणि माझा नवरा शेतावर आले होते, तेव्हा आबांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"दोगं बी नीट चौकशी करा. आपल्या डुकराला कुटलं हत्यार पायजे ते मला सांगा. ज्याचं पटंल त्याच्या नावावर परवाना."

दोघं बी! माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या दोन शब्दांसाठी मी आबांचे सगळे जुने गुन्हे माफ केले. संध्याकाळी सोलापूरला परतताना गाडीत मी गाणं म्हणत होते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मला ते आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे शुद्ध खूळ होतं. भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आफ्रिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघायचा आणि मला पाठवायचा. त्यात टोपीवाले गोरे लोक गव्याएवढ्या रेड्यांवर गोळ्या झाडत असायचे.

"अक्का, तीनशे पंच्याहत्तरची रायफल बघ," तो फोनवर म्हणायचा, आणि पाठीमागून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू यायचा. "हत्ती जागेवर बसतोय!"

"मोडनिंबात हत्ती कुठनं आणायचा रे?"

"पुढंमागं आला तर? आपली तयारी पायजे की!"

मी त्याला येडा म्हणून फोन ठेवायचे आणि वही उघडायचे, कारण मीही काही शहाणी राहिले नव्हते. गोळीचं वजन, तिचा वेग, वेगाचा वर्ग करून तिचा जोर काढायचा, हे सगळं माझ्याच प्रांतातलं. इतकी वर्षं पोरांना नळानं हौद भरायला लावला, त्यापेक्षा हे किती रंगतदार! बाराबोरचे, म्हणजे आमच्या दोननळीसारख्या बंदुकीचे, छरे लवकर दमतात, तीनशे पंधराची गोळी लांब जाते, तीस-शून्य-सहाची त्याहूनही लांब. मी भाजी फोडणीला टाकून आकडेमोड करायचे आणि भाजी करपायची. नवरा मुकाट्यानं करपलेली खायचा. कुकरच्या शिट्टीला दचकणारा माणूस तो, पण माझी उत्तरं तपासून द्यायचा.

नेम धरायचा सराव मी छत्रीवर केला. गच्चीत उभं राहायचं, छत्रीची मूठ खांद्याला लावायची, श्वास धरायचा आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोखायची. एकदा खालून दूधवाल्यानं वर बघितलं आणि दोन्ही हात वर केले. "बाई, पाणी घालत न्हाई हो दुधात!" असं ओरडला. त्या दिवसापासून दूध खरंच दाट यायला लागलं.

माझं उत्तर ठरलं होतं. तीनशे पंधरा. अंगापिंडानं माझ्यासारख्या बाईला झेपेल अशी, डुकराला पुरून उरेल अशी, आणि खरं सांगायचं तर दिसायला देखणी. तिचा फोटो मी मोबाईलवर इतक्या वेळा मोठा करून बघितला की नवरा म्हणाला, "आपल्या लग्नाआधी माझा फोटो एवढा बघितला होतास का?" नव्हता बघितला, आणि तसं मी त्याला सांगितलं.

शेवटी आबा म्हणाले, हत्यार डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही ठरायचं नाही. आमच्याकडं कुठलीही मोठी खरेदी म्हणजे बस्ता. लग्नाच्या कपड्यांना जसं सगळं गणगोत गाडीत बसून सोलापूरला येतं, तसेच आम्ही बंदुकीच्या दुकानात गेलो. काठी टेकत आबा, फोनवर बोट फिरवत भाऊ, पर्स सावरत भावजय, किल्ल्या खुळखुळवत माझा नवरा, आणि नवी इरकल नेसलेली मी. लोखंडी जाळीच्या आतून दुकानदारानं आमच्याकडं बघितलं.

"परवानेदार कोण?"

आम्ही चौघांनी आबांकडं बोट दाखवलं. त्यांनी परवाना दाखवला, दुकानदारानं जाळी उघडली, चहा सांगितला आणि बस्ता सुरू झाला.

भावजयीनं पहिल्याच बंदुकीच्या दस्त्यावरून अंगठा फिरवला. कापडाचा पोत बघताना फिरवतात, अगदी तसा. "लाकूड चांगलं आहे हो. पण यात जरा फिका रंग नाही का?"

"ताई, साडी न्हवं ती," दुकानदार म्हणाला.

"ते दिसतंय मला. पण वरच्या फळीवर दुसरी दिसते, ती काढा की!"

दुकानदारानं ती काढली. मग तिच्या शेजारची काढली. काउंटर भरत गेलं. भाऊ प्रत्येक नळीकडं बोट दाखवून "हत्तीला चालंल का?" असं विचारत होता आणि दुकानदार दर वेळी थोडा आणखी खचत होता. नवरा दारापाशी उभा होता, नळ्यांची तोंडं ज्या बाजूला नाहीत त्या बाजूला. आणि मग दुकानदारानं तीनशे पंधरा काढली, रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि सवयीनं भावाच्या हातात दिली. भावानं ती पेटत्या लाकडासारखी लांब धरली आणि लगेच माझ्याकडं सरकवली.

मी ती उचलली. इतकं वजन, आणि तरी अंगाला लागताच आपलंसं वाटणारं! दस्ता खांद्याच्या खळगीत बसला, गाल लाकडाला टेकला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. मला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं, दुकानदाराला मिठी मारावीशी वाटत होती. या वयात एवढा आनंद होणं बरं नव्हे, असंही वाटून गेलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

"शोभतीय तुला," आबा स्टुलावरून म्हणाले. "आता एकच इचारतो. डुक्कर मक्यात हाय. तुमी बार काढला आन न्हाई लागला. गोळी कुटं जाईल?" त्यांनी आधी भावाकडं बघितलं.

"लागणारच की आबा! वर दुर्बीण बसवू."

"बरं, लागली. मग गोळी कुटं जाईल?"

"डुकरात."

"हत्तीच्या गोळीला आपलं डुक्कर म्हंजी पापड," आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तू सांग."

मला उत्तर येत होतं. वहीतल्या आकड्यांत ते पहिल्यापासून होतं, आणि मी ते हट्टानं बाजूला सरकवून ठेवलं होतं. आमचं रान परातीसारखं सपाट. टेकाड नाही, उंचवटा नाही, गोळी अडवायला बांधावरची एक बाभळ तेवढी. माचाण बांधून खाली मातीत रोखून मारू, असं म्हणावं का? आबांना माचाणाचं भारी कौतुक, पटलंही असतं. पण डुक्कर काही माचाणाखाली येऊन उभं राहत नाही. ते मक्याच्या टोकाला असतं, आणि मका संपला की माणसं असतात. मी रायफल खांद्यावरून उतरवायला उगाच वेळ लावला.

"उगवतीला ओढ्यापलीकडची वस्ती आहे," मी म्हणाले. "तिथली शाळा आहे. मावळतीला शेजाऱ्यांची डाळिंबं, त्यात बायका कामाला असतात. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला रेल्वे. रायफलची गोळी यातल्या कुठंही जाईल, आबा. आपल्या रानात रायफल नको. बाराबोरच बरी, छऱ्याचा जोर आपल्या बांधापर्यंतच."

हे बोलताना मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. दुकानदारानं रायफल माझ्या हातातून घेतली आणि फळीवर ठेवली. मी तिच्याकडं पुन्हा बघितलं नाही.

"बाराबोर काढा," आबा दुकानदाराला म्हणाले. "आन अर्जावर नाव हिचं घालायचं."

एका बाराबोरवर एकमत झालं. फिका रंग त्यात मिळाला नाही, म्हणून भावजय थोडी खट्टू झाली. मग आम्ही मोडनिंबच्या वाटेला लागलो. नवरा चालवत होता, शेजारी आबांनी डोळे मिटले होते, मागं आम्ही तिघं. भाऊ दुकानातून निघाल्यापासून खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, घराण्याची बंदूक बहिणीकडं गेली म्हणून याच्या मनाला लागलं.

"रागावलास?" मी हळूच विचारलं.

त्यानं माझ्याकडं तोंड वळवलं. तो हसू दाबत होता. "अक्का, मी उद्या नारळ फोडणार हाय. सुटलो!"

"म्हणजे?"

"मला त्या आवाजाची लई भीती वाटती. लहानपणापासनं. आबांनी बंदूक काढली की माझ्या पोटात कळ यायची."

"अरे, दिवसभर मागांच्या खडखडाटात असतोस की!"

"माग सारखा वाजतो, त्याचं काय वाटत न्हाई. बंदुकीच्या बाराची वाट बघावी लागती."

"मग ते हत्ती? ते सगळे व्हिडिओ?"

"हत्तीचं हत्यार मागितल्यावर आबा मला परवाना देतील व्हय?" तो म्हणाला. "तेवढं गणित मला बी येतं."

भावजय पदरात तोंड खुपसून हसायला लागली. तिला हे ठाऊक होतं, हे उघड दिसत होतं. मग मीही हसत सुटले. आमचं खिंकाळणं ऐकून आबांनी डोळे उघडले. ते झोपले नव्हतेच.

"मग तवाच सांगायचं की, लेका," ते समोर बघत म्हणाले. "मी बी डोळं मिटूनच मारायचो. कानात कापूस घालून. माज्या बापानं दिली, म्हणून मी घेतली."

नवऱ्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली, कारण त्याला हसू आवरेना. शेजारून ट्रक भोंगे वाजवत जात होते आणि आम्ही पाचही माणसं डोळे पुसत होतो. हसता हसताच माझ्या छातीत एकदम राग भरून आला. बाप घाबरत होता, मुलगा घाबरत होता, आणि मी काडतुसं वेचत होते.

"मग मला का नाही दिलीत, आबा?"

आबांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"तू कशालाच भ्याली न्हाईस," ते म्हणाले. "मला वाटलं, ह्यो भितोय, ह्याची भीती मोडंल. तुजी काय मोडायची हुती?"

"मला ती हवी होती."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे मोठ्यानं बोलले. आबांनी मान वळवायला बघितलं, पण ती आता पूर्ण वळत नाही. मग त्यांनी हात वर करून समोरचा आरसा हलवला. मी त्यात दिसेपर्यंत ते तो हलवत राहिले.

"तवा इचारलं न्हाई. आता इचारतो," ते म्हणाले. "पायजे का?"

"व्हय," मी म्हणाले. "लई पायजे."