वारा सरला का?

“वारा सरला का?” राउंडवर सरांनी शेवंताला मोठ्यानं विचारलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका हॉस्पिटलात मी हाउस सर्जन होते, आणि सर आमच्या युनिटचे प्रमुख. शेवंतानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान हलवली. कॉटशेजारी तिचे सासरे उभे होते. “हो म्हणते जी थे. आता चहा तरी देऊ द्या तिले.” सरांनी परवानगी दिली.

हिंगण्याकडची तिशीतली बाई. आतड्याला पीळ पडून एक तुकडा काळा पडलेला. सरांनी तो कापून चांगली टोकं जोडली होती. लोकांना वाटतं, टाके घातले की आतडं जुळलं. कसलं काय! टाके नुसते धरून ठेवतात, जोडायचं ते शरीरानं. पहिले काही दिवस तर कडेचे जुने तंतू विरघळत असतात आणि नवे पुरते धरलेले नसतात. ऑपरेशनच्या दिवसापेक्षा सांधा तेव्हाच जास्त कच्चा. थंड पडलेलं आतडं चालू लागलं की वारा सरतो. नाहीच सरला, तर आत काही बिघडलंय का, ते बघायचं. म्हणून तो प्रश्न.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. पोट फुगून कडक झालेलं. सासऱ्यांना बाहेर पाठवून मी विचारलं, “खरं सांग, वारा सरला होता?”

“नाही जी, बाई.”

“मग मान काहून हलवली वं?”

“मामाजी समोर होते ना. नाही म्हटलं असतं तं डॉक्टरसाहेब त्याईच्यासमोर अजून विचारत बसले असते. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

तिचा राग आला, आणि रडूही आलं. पोट पुन्हा उघडलं. सांधा एका बाजूनं सुटला होता, घाण पोटभर पसरली होती. सरांनी धुऊन काढलं, दोन्ही टोकं पुन्हा न जोडता पोटावर बाहेर आणली. पण विष रक्तात भिनलं होतं. ती गेली.

सासरे रोज सायकलनं यायचे, दिवसभर तिच्याजवळून हलायचे नाहीत. त्यांनी मला विचारलं, “सकाळी तं वारा सरला होता ना, बाई? मंग काहून गेली?”

“सांधा सुटला, बाबा,” एवढंच मी म्हणाले. पुढचं सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर आमच्या वॉर्डात नियम झाला. आधी नातेवाईक बाहेर, मग प्रश्न. चांगला नियम आहे. शेवंताच्या काही कामाला आला नाही.