तोताराम आबांचा मिस कॉल

तोताराम आबांचं कोणी कौतुक केलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. एकोणतीस वर्षं ते गावात पाणी सोडतात. पाणी आलं नाही की सगळ्या गावाला त्यांची आठवण होते. पाणी आलं हे सांगायला आजवर कोणी आलेलं नाही, आणि आबांचीही तशी अपेक्षा नाही. त्यामुळे ग्रामसेविका सारिका मॅडम धुळ्याच्या एसटीतून उतरून हसत हसत थेट टाकीपाशी आल्या, तेव्हाच आबांना शंका आली.

"आबा, तुमचं नाव पुरस्काराला पाठवतेय."

"कशाचा पुरस्कार?"

"सार्वजनिक सेवेत नवं काही केलं, दोन खात्यांनी मिळून काम केलं, त्याचा. वरच्या गल्लीची तीन वर्षांत एक तक्रार नाही. आधी दर आठवड्याला हंडे घेऊन बाया ऑफिसात बसायच्या, दप्तरात आहे सगळं. काय केलंत नेमकं?"

"पाणी सोडलं," आबा म्हणाले आणि चावी घेऊन दुसऱ्या व्हॉल्व्हकडे निघून गेले.

खरं उत्तर त्यांना देता येण्यासारखं नव्हतं. गावच्या उंच टाकीतून निघालेली एकच पाइपलाइन बाजारातून, मग खालच्या तीन गल्ल्यांतून फिरत शेवटी टेकावरच्या वरच्या गल्लीत जाते. तिथं सतरा घरं आहेत. पाणी सुटलं की खाली प्रत्येक नळाला मोटर लागते आणि वर पोहोचते ती नुसती हवा. एकदा पंचायतीने मोटरी जप्त केल्या होत्या. त्यात सरपंचांच्या भावाची निघाली, तेव्हा संध्याकाळपर्यंत सगळ्या परत गेल्या. वरच्या गल्लीला वेगळी लाइन द्या, असे अकरा अर्ज आबांनी अकरा वर्षांत दिले. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पाणी चालू असतानाच लाईट गेली आणि वरच्या गल्लीच्या अगदी टोकाला राहणाऱ्या कमलबाईंच्या नळाला धो धो पाणी आलं. हे आबांनी पाहिलं आणि वायरमन नवलनेही पाहिलं. नवल त्या वेळी वरच्याच गल्लीत खोली घेऊन राहत होता आणि रोज दोन हंडे खालून वाहत होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसापासून दर तिसऱ्या दिवशी, खालच्या गल्ल्यांचं पाणी भरून झालं की आबा नवलला एक मिस कॉल देतात. नवल गावाची लाईट चाळीस मिनिटं बंद ठेवतो. मोटरी गप्प होतात आणि पाणी मुकाट टेकावर चढतं. गाव समजतं, लोडशेडिंग आहे, आणि नवलच्या नावाने बोटं मोडतं. नवल ते ऐकून घेतो, कारण हे कुठं लिहिलं गेलं तर त्याची नोकरी जाईल.

आणि आता मॅडमना तेच लिहून हवं होतं, शंभर शब्दांत.

शेवटी मॅडमनी आपल्या मनाने लिहिलं, "पाण्याच्या दाबाचे शास्त्रीय नियोजन." सहयोगी विभाग म्हणून अंदाजाने वीज कंपनीचं नाव घातलं, टाकीचा पंप विजेवर चालतो, एवढाच त्यांचा हिशेब. अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला आणि पाहणीला समिती येणार असं पत्र आलं.

समितीच्या दिवशी सकाळी आबांचाच फोन वाजला. नवल होता.

"आबा, आज जमाव नही. समिती येवानी म्हणीसन आमना साहेब सकायपासून उरावर बठेल शे. म्हणस, आज एक मिनिट लाईट जावाले नको."

आबांनी फोन खिशात टाकला आणि ते चावी घेऊन टाकीकडे निघाले.

अकरा वाजता वरच्या गल्लीत खुर्च्या मांडल्या गेल्या. समितीचे अध्यक्ष, दोन सदस्य, वीज कंपनीचे साहेब, सरपंच, सारिका मॅडम. कमलबाईंच्या नळाला हार घातला होता. खाली आबांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि आपणही वर येऊन उभे राहिले. खालून मोटरींची घरघर टेकावर स्पष्ट ऐकू येत होती. नळ दोनदा खाकरला, थुंकीएवढं पाणी पडलं, मग काही नाही. वीस मिनिटं गेली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"पाणी काबरं येत नाही?" त्यांनी गावच्या भाषेतला एक शब्द वापरून आपुलकी दाखवली.

कमलबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "साहेब, आजून लाईट कोठे गयी? लाईट गयी का पाणी येस."

वीज कंपनीच्या साहेबांनी मान वर केली. पण अध्यक्ष मायेने हसले. "आजींना विजेचा फार त्रास दिसतो. वीज नसेल तर पंप कसा चालणार? नोंद घ्या." मग ते वीज कंपनीच्या साहेबांकडे वळले. "आपण महिन्याने फेरपाहणी करू. तोपर्यंत या गावची लाईट एक मिनिटही जाता कामा नये."

"शब्द दिला," साहेब म्हणाले.

आणि त्यांनी तो पाळला. एकोणतीस वर्षांत या गावाने अशी लाईट पाहिली नव्हती. गाव खूश होतं. वरच्या गल्लीत मात्र पहिल्या पाळीला पाणी आलं नाही, दुसऱ्या पाळीला आलं नाही. तिसऱ्या पाळीला कमलबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन टाकीपर्यंत उतरून आल्या. वय पंचाहत्तर.

"तोताराम, तुना तो पुरस्कार मन्हा हंडामा भरी दे," त्या म्हणाल्या.

आबांनी हंडा टाकीखालच्या नळावर भरला, त्यांच्या हातात न देता आपल्याच खांद्यावर घेतला आणि टेकावर पोचवला. उतरले ते सरळ पंचायत कार्यालयात गेले.

"मॅडम, तो अर्ज मागे घ्या."

"आबा, एवढं जवळ आलंय," मॅडम म्हणाल्या. "मी किती धावपळ केलीय. जिल्ह्यातून आपलं एकच गाव आहे."

"मागे घ्या."

आबांचा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. आताही तो चढलेला नव्हता, पण ते टेबलापासून हलले नाहीत. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आबा, लाईट गेली की पाणी येतं, असं कमलबाई का म्हणाल्या त्या दिवशी?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले. "म्हातारं माणूस आहे. पण चुकीचं बोलताना मी त्यांना अजून ऐकलं नाही."

मॅडमच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खालच्या गल्लीकडे, मग तिच्यापलीकडे टेकाकडे. सहयोगी विभागाच्या रकान्यात आपण अंदाजाने काय लिहून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"कारण काय लिहू?"

"खरं लिहा. वरच्या गल्लीला पाणी पोचत नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. खाली दप्तरातून शोधून आबांचे जुने अर्जही जोडले. अकरापैकी नऊ सापडले. त्या अर्जांचं उत्तर आठ दिवसांत आलं: या पुरस्कार योजनेत पाइपलाइनची तरतूद नाही, अर्ज संबंधित विभागाकडे पाठवले आहेत. संबंधित विभागाकडून अजून काही आलेलं नाही. फेरपाहणी मात्र रद्द झाली आणि तिच्याबरोबर वीज कंपनीच्या साहेबांचा शब्दही संपला.

पुढच्या पाळीला खालच्या गल्ल्यांचं पाणी भरून झालं. आबांनी पंडितच्या चहाच्या टपरीवरून नवलला मिस कॉल दिला आणि बाकावर बसले. टपरीतला पंखा फिरत होता. पाच मिनिटं झाली, फिरतच होता. नवल घाबरला असेल, आणि त्यात त्याचं काय चुकलं, असा विचार करून आबा उठायला लागले.

पंखा हळू झाला आणि थांबला.

"हाऊ नवल," पंडित गाळणी आपटत म्हणाला, "याले पगार लाईट बंद कराना भेटस का? इतला दिन कशी नीट व्हती."

"काय करशी भाऊ," आबा म्हणाले. कप खाली ठेवून ते टेकाच्या बाजूने चालू लागले. अर्ध्या वाटेवरच त्यांना वरून हंड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.